फळमाशीसाठी परोपजीवी माश्या एकरी किती सोडायच्या?

प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गात हापूसची तीन एकर बाग आहे, बांधावर आठ-दहा रायवळ आणि घरामागे पेरू. मे महिन्यातल्या शेवटच्या काढणीत बरेच आंबे अळीचे निघतात. हवाई बेटांवर छोट्या गांधीलमाश्या सोडून फळमाशी आटोक्यात आणली असं वाचनात आलं. त्या ट्रायकोकार्डसारख्या कुठे विकत मिळतात, एकरी किती सोडायच्या, आणि त्या माणसांना किंवा मधमाश्यांना डसतील का?

डसण्याचं आधी सांगतो. नाही डसत. गांधीलमाशी हे फक्त कुळाचं नाव, अंगाने त्या मुंगीएवढ्या असतात. मादीच्या मागे लांब सुई दिसते ती अंडी घालण्यासाठी असते. मधमाश्यांशीही त्यांचं काही देणंघेणं नाही.

ट्रायकोकार्डची तुलना मात्र डोक्यातून काढून टाका. त्या कार्डावर मिळणारा ट्रायकोग्रामा हा चिमुकला कीटक पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवर जगतो. उसाचा खोडकिडा, कपाशीची बोंडअळी यांची अंडी पानावर, बोंडावर उघडी असतात, म्हणून ती त्याला सापडतात. फळमाशी अंडी सालीखाली घालते. तिथे ट्रायकोग्रामाचं काही चालत नाही. फळमाशीसाठी म्हणून कोणी ट्रायकोकार्ड गळ्यात मारत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आता ‘एकरी किती’. या प्रश्नामागे तुम्हाला विचारायचंय ते असं, की येत्या मे महिन्यात माझा आंबा वाचेल का? परोपजीवी कीटकाच्या, म्हणजे दुसऱ्या किडीच्या अंगात वाढून तिला मारणाऱ्या या गांधीलमाश्यांच्या, भरवशावर नाही वाचणार. का, ते फळमाशीच्या जीवनक्रमात आहे. मादी सालीला टोचून आत अंडी घालते. दीड-दोन दिवसांत ती फुटतात, अळी सात ते दहा दिवस गर खाते, मग फळातून बाहेर पडून मातीत शिरते आणि वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये कोष करते. आठ-दहा दिवसांनी कोषातून माशी निघते. परोपजीवी मादी आपलं अंडं फळमाशीच्या अंड्यात किंवा अळीत ठेवते, पण त्याने अळी लगेच मरत नाही. ती पुरती वाढते, गर खाते, खाली पडून कोषही करते. कोषात गेल्यावर तिला आतून संपवलं जातं आणि माशीच्या जागी परोपजीवी बाहेर येतो. म्हणजे डंख झालेला आंबा गेलाच. कमी होते ती पुढची पिढी, आणि ती पिढी तुमच्याच कलमांवर येईल असं नाही. शेजाऱ्याच्या पेरूवर, रस्त्याकडेच्या देशी बदामावर, चिकूवर, कुठेही. म्हणून हा उपाय झाडाचा नसून परिसराचा आहे.

आंब्यावरच्या फळमाशीसाठी, म्हणजे मुख्यतः बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिससाठी, दोन परोपजीवी महत्त्वाचे. एक फोपियस अरिसॅनस. हा फळमाशीच्या अंड्यात अंडं घालतो. दुसरा डायाकॅस्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा. नाव उच्चारताना जीभ वळत नाही, म्हणून इथे त्याला ‘लांबशेपटी’ म्हणू. मादीची सुई तिच्या अंगापेक्षा लांब असते आणि ती मोठ्या झालेल्या अळीला फळाबाहेरून टोचते. सडत्या फळाचा वास तिला फळाकडे आणतो आणि अळीच्या हालचालीची थरथर तिला नेमकी जागा दाखवते.

आंब्याच्या बाबतीत यांच्यातला फरक फार महत्त्वाचा. हापूसचा गर जाड असतो. अळी दोन-तीन दिवसांत कोयीच्या दिशेने सरकली, की लांबशेपटीची सुई तिथवर पोहोचत नाही. छोट्या, पातळ गराच्या फळात अळीला लपायला जागा नसते, म्हणून तिथे ती भारी पडते. आंब्यात तिची संधी फळ खाली पडून पिचपिचीत झाल्यावर येते. फोपियसला ही अडचण नाही, कारण अंडी सालीच्या जवळच असतात. डॉर्सालिसविरुद्ध जगभर फोपियसच जास्त यशस्वी झाला याचं हे एक मोठं कारण.

तुम्ही वाचलेली हवाईची गोष्ट खरी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डॉर्सालिस तिथे पोहोचली आणि १९४७ नंतरच्या काही वर्षांत आशियातून बरेच परोपजीवी नेऊन सोडले गेले. सुरुवातीला लांबशेपटीने जोर धरला, पण दोन-तीन वर्षांतच फोपियसने तिला मागे टाकलं. पुढे २००२ मध्ये ताहितीत आणि २००६ मध्ये हवाईहून केनियात फोपियस नेण्यात आला. या तिन्ही ठिकाणी परिस्थिती सारखीच होती: माशी नवी आलेली आणि तिचे शत्रू मागे राहिलेले. शत्रू आणून दिल्यावर फरक पडणारच.

आपल्याकडे तसं नाही. डॉर्सालिस इथलीच, आणि फोपियस व लांबशेपटी दोन्ही भारतात आधीपासून आहेत. तुमच्या रायवळाखाली ते आत्ताही असण्याची शक्यता चांगली आहे. जे आहेच ते बाहेरून आणून काय साधणार? शिवाय परदेशातून जिवंत कीटक मागवायला सरकारी परवाना लागतो, कुरिअरने मागवण्याचा तो माल नव्हे.

मग आहेत त्यांची संख्या वाढवून सोडता येईल का? येते. मेक्सिकोत चियापास राज्यातल्या मेतापा इथे लांबशेपटी दर आठवड्याला कोट्यवधींच्या संख्येने तयार करतात आणि हेक्टरी हजार-दीड हजार या प्रमाणात पुन्हा पुन्हा सोडतात. ‘एकरी किती’चं उत्तर आकड्यातच हवं असेल तर ते हे, पण त्या आकड्यामागे एक कारखाना उभा आहे. परोपजीवी वाढवायला आधी लाखो फळमाश्या वाढवाव्या लागतात. त्या अळ्यांना किरणोत्साराचा मारा देतात, म्हणजे ज्या अळीत परोपजीवीचं अंडं गेलं नाही तिच्यातून धडधाकट माशी निघत नाही. ही सोय नसताना घरी वाढवायला गेलात तर तुम्ही फळमाश्यांचा कारखाना काढला असं होईल. आणि ट्रायकोकार्ड जसं दुकानात मिळतं तसं या कीटकांचं तयार कार्ड मिळत नाही.

तर करायचं काय? तुमच्याकडे काय आहे ते आधी मोजा.

पडीचे पन्नासेक आंबे घ्या, दोन-चार दिवसांत पडलेले, फुटून वाहून न गेलेले. रायवळ, हापूस आणि पेरू यांची वेगवेगळी बादली ठेवा, मिसळू नका. बादलीच्या तळाशी तीन-चार सेंटिमीटर ओलसर वाळू घाला. ओलसर म्हणजे मुठीत दाबली तर गोळा होईल पण पाणी सुटणार नाही एवढी. फळं थेट वाळूवर ठेवू नका. रस गळून वाळूचा चिखल होतो आणि अळ्या बुडून मरतात. वाळूच्या वर जाळीची चाळण किंवा बांबूच्या काड्या आडव्या ठेवून त्यावर फळं ठेवा. तोंडाला मलमलीचं कापड घट्ट बांधा आणि बादली सावलीत, मुंग्या लागणार नाहीत अशी ठेवा. बादली पाण्याच्या परातीत ठेवली की मुंग्यांचा प्रश्न मिटतो.

दहा-बारा दिवसांनी वाळू चाळा. तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष मिळतील. ते मोजा आणि ओलसर वाळूसह काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. बहुतेकांची चूक होते ती यापुढे. आठवड्याभरात बरणीत फळमाश्या दिसतात, मग ‘सगळ्या माश्याच निघाल्या’ म्हणून बरणी धुतली जाते. परोपजीवी माश्यांनंतर निघतात, पुष्कळदा आठवडाभर उशिरा, आणि त्यातही नर आधी, माद्या नंतर. बरणी किमान ३० ते ३५ दिवस ठेवा. मधे वाळू कोरडी पडली तर कापडावरून पाण्याचे चार थेंब शिंपडा. कोरड्या वाळूत कोष सुकतात आणि निकाल खोटा येतो.

ओळखायचं कसं? फळमाशीला दोन पंख आणि आखूड मिशा. परोपजीवीला चार पंख, बारीक कंबर आणि अंगाएवढ्या लांब मिशा. रिकामा कोषही बोलतो: माशी टोकाचं झाकण फोडून निघते, परोपजीवी कोष कुरतडून वेडंवाकडं भोक पाडतो. परोपजीवींची संख्या भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर, ही तुमची टक्केवारी. हापूसमधून ती कमी येईल आणि रायवळ-पेरूमधून जास्त, तर घाबरू नका, ते वर सांगितलेल्या गराच्या जाडीमुळे आहे. एका बादलीवरून मत बनवू नका. मे, जुलै आणि सप्टेंबर असं तीनदा करा. आंबा संपल्यावर पावसाळ्यातला पेरूच माशीचं आणि तिच्या शत्रूचं दोघांचं घर असतो, त्यामुळे जुलैची बादली मला मेच्या बादलीपेक्षा जास्त माहिती देते.

परोपजीवी निघाले, मग टक्केवारी पाच असो की चाळीस, त्यांना वाढवण्याचा शेतकऱ्याच्या हातातला मार्ग म्हणजे जाळीचा तंबू. पडीची फळं खोल पुरा असा सल्ला नेहमी दिला जातो. तो चुकीचा नाही, पण माशीबरोबर परोपजीवीही गाडला जातो. तंबूत गंमत अशी की जाळीचं भोक माशीला लहान आणि परोपजीवीला पुरेसं असतं. माशी आत मरते, परोपजीवी निसटून बागेत जातो. हवाईत आणि रियुनियन बेटावर ही पद्धत वापरात आणली गेली.

सगळी मदार जाळीवर. रियुनियनमध्ये साधारण ३ चौरस मिलिमीटरचं भोक, म्हणजे बाजू जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, योग्य ठरलं. आपल्याकडे शेडहाउससाठी मिळणारी बारीक कीटकरोधक जाळी यासाठी निरुपयोगी, तिच्यातून परोपजीवीही निघत नाहीत. हिरवी शेडनेट ताणली की भोकं वाकडीतिकडी होतात, ती नको. दुकानदार सांगेल त्या ‘मेश’च्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा चाचणी घ्या: कोषांच्या बरणीला मलमलीऐवजी त्या जाळीचा तुकडा बांधा आणि अख्खी बरणी मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवा. पिशवीत कोण आलं ते पाहा. चाचणी कोषांवरच घ्यायची, पकडलेल्या माश्यांवर नाही, कारण कोषातून नुकती निघालेली माशी मऊ असते आणि अंग चोरून निघून जाते. चार दिवसांची माशी अडली म्हणून जाळी पास झाली असं होत नाही.

सहा बाय सहा फुटांचा, माणूस उभा राहील एवढा सांगाडा पीव्हीसी पाइपचा किंवा बांबूचा पुरतो. जागा सावलीची, उंचवट्यावरची. जाळीची खालची कड वीतभर मातीत गाडा, कातळावर शक्य नसेल तर कडेवर मातीचा बांध घाला, नाहीतर अळ्या कडेखालून बाहेर जाऊन कोष करतात. दार एकाच पडद्याचं ठेवू नका. उघडताच माश्या उजेडाकडे झेपावतात. दोन पडदे एकमेकांवर येतील असे लावा आणि फळं टाकायला पहाटे जा, गारव्यात माश्या सुस्त असतात. वरच्या बाजूला प्लास्टिक टाकून पाऊस अडवा, पण बाजू मोकळ्या ठेवा.

फळांचा थर फूटभरापेक्षा जाड नको. मधे सुका पालापाचोळा टाकत जा म्हणजे रस शोषला जातो आणि आतली उष्णता वाढत नाही. मोठा ढीग तापतो, त्यात माशी मरते आणि परोपजीवीही. शेवटची फळं टाकल्यावर तंबू पाच आठवडे उघडायचा नाही. म्हणून दोन छोटे तंबू आळीपाळीने वापरणं एका मोठ्यापेक्षा सोयीचं. उंदीर-घुशी वासाने येऊन जाळी कुरतडतात. बोटभर भोक पडलं की तंबूचं काम उलटं होतं. आठवड्यातून एकदा कडा तपासायला वेळ नसेल, तर खरं सांगतो, तंबूच्या भानगडीत न पडता फळं दोन-अडीच फूट खोल पुरलेली बरी.

जमिनीवरच्या मुंग्या तंबूतले कोष आणि नुकते निघालेले परोपजीवी दोन्ही फस्त करतात, तेव्हा कडेने राख किंवा पाण्याची चर ठेवा. कलमांवरचे तांबडे हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, हा वेगळा विषय. काढणीला ते चावतात म्हणून सगळे वैतागतात, पण त्यांच्या वावरामुळे फळमाशी फळावर निवांत टेकत नाही. ते झाडावर असू द्यावेत अशा मताचा मी आहे.

दुसरं काम म्हणजे परोपजीवींना न मारणं. मोहोराच्या काळात तुडतुड्यांसाठी होणाऱ्या फवारण्यांबद्दल मी फारशी काळजी करत नाही, तेव्हा फळमाशी आणि परोपजीवी दोन्ही कमी असतात. नुकसान होतं ते एप्रिल-मेमध्ये, माशी दिसली म्हणून घाईने मारलेल्या सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवाऱ्याने. अळी गरात सुरक्षित राहते, फळाच्या सालीवर फिरणारा परोपजीवी मरतो आणि काढणीच्या तोंडावर अवशेष राहतात ते वेगळंच. झाडाखाली कोष मारायला औषध ओतणं हेही तसंच. गूळ आणि कीटकनाशकाचं विषारी आमिष वापरत असाल तर लक्षात घ्या, परोपजीवीची प्रौढ मादी साखरेवरच जगते, ती गुळाकडे येते आणि मधमाशीही येते. प्रथिनयुक्त आमिषात स्पिनोसॅड हे कीटकनाशक असेल तर हवाईतल्या अनुभवानुसार फोपियसला त्याचा त्रास बराच कमी. लेबलवर तुमचं पीक आहे का ते पाहूनच घ्या.

मिथिल युजेनॉलचे सापळे, आपल्याकडचा दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा धरून, खुशाल लावा. त्यात फक्त फळमाशीचे नर येतात, परोपजीवी नाही. काढणीच्या दीड-दोन महिने आधी लावा, उशिरा लावलेल्या सापळ्यात माश्यांचा खच पडलेला दिसतो, पण तोवर माद्यांचं मिलन झालेलं असतं.

आणि या मेचा आंबा? तो वाचवायचा तर चौदा आणे तयार झाल्यावर काढा, झाडावर पिकू देऊ नका. फळं अंड्याएवढी असताना २५ बाय २० सेंटिमीटरची कागदी पिशवी घाला, निदान उशिरा येणाऱ्या कलमांना तरी. रायवळाखालची पड रोज उचला, आठवड्यातून एकदा नव्हे, कारण अळी फळ सोडायला आठवडा थांबत नाही. निर्यातीचा विचार असेल तर परोपजीवीचं नावही काढू नका. तिथे एक अळीही चालत नाही. २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीमुळेच भारतीय आंबा बंद केला होता, तो २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. तिकडे जाणाऱ्या फळाला ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवण्याची प्रक्रिया लागते.

तंबूचा परिणाम किती दिसेल हे मात्र तुमच्या कुंपणाबाहेर ठरतं. तीन एकराच्या भोवती कोणी पड उचलत नसेल तर तुमचे परोपजीवी तिकडे जातील आणि तिकडच्या माश्या तुमच्याकडे येतील. हवाईत १९९९ नंतर राबवलेल्या मोहिमेत म्हणूनच शेतांबरोबर परसातली झाडंही धरली होती. वाडीतल्या चार-पाच बागायतदारांनी मिळून, आपापल्या पेरूसकट, पड उचलायचं ठरवलं तर दोन तंबूंचं काम दिसेल. एकट्याने करायचं असेल तर सुरुवात घरामागच्या पेरूपासून करा, हापूसपासून नको.

जाता जाता, परसात कारली-दोडकी असतील तर त्यांच्यावरची माशी वेगळी, झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. ती मिथिल युजेनॉलला येत नाही, तिला क्यू ल्यूर लागतं. फोपियस तिच्यात नीट वाढत नाही, तिचा परोपजीवी सिट्टालिया फ्लेचेरी, जो १९१६ मध्ये भारतातूनच हवाईला नेला होता. तिथेही रानटी कारल्यात तो भरपूर सापडला आणि लागवडीच्या मोठ्या फळांत तुरळक. त्या वेलांची किडकी फळंही त्याच तंबूत टाका, जाळी त्यालाही चालते.